वायरच्या टोकाला लग कुठला आणि तो दाबायचा कसा: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

जळालेलं कनेक्शन उघडून बघितलंत तर वायर मधेच कुठे जळालेली सहसा दिसत नाही, जळालेलं असतं ते टोक, स्क्रूपाशी नाहीतर लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या तुकड्याच्या, गळ्यापाशी, आणि तिथून इन्सुलेशन काळं पडत मागे मागे गेलेलं असतं. कारण असं की वायरमध्ये करंटला जायला भरपूर तांबं असतं, पण टोकाला त्याला एका धातूतून दुसऱ्या धातूत जावं लागतं आणि तिथे जोड सैल असला की सगळा ताप तिथेच निघतो. हिशोब करून बघा. १६ अँपिअरचा लोड आणि सैल जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम धरला तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे २५६ गुणिले ०.१, झाले २५.६ वॉट. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने आपण सोल्डर वितळवतो, तेवढी उष्णता बंद बॉक्सात प्लास्टिकला चिकटून तासन् तास. तोच जोड नीट दाबलेला असला, रेझिस्टन्स एक मिलिओहम असला, तर उष्णता पाव वॉटच्या आसपास, हाताला कळणार पण नाही.

क्रिंपिंग म्हणजे लगच्या नळीत वायरच्या तारा घालून नळी इतकी दाबायची की तारा एकमेकींत आणि नळीच्या भिंतीत रुतून बसतात, मधली हवा निघून जाते, तांब्यावरचा ऑक्साईडचा थर फुटतो आणि कोरा धातू कोऱ्या धातूला भिडतो. हे व्हायला दाब नेमका लागतो. कमी पडला तर सैल, जास्त झाला तर तारा अर्ध्या कापल्या जातात आणि पुढे कधीतरी तुटतात. आणि हा नेमकेपणा हाताच्या जोरातून येत नाही, तो टूलच्या डायमधून, म्हणजे जबड्यातल्या साच्यातून, येतो. म्हणून वायर, लग आणि डाय हे तिघं एकमेकांच्या मापाचे पाहिजेत, एक जरी भलता असला तरी बाकीचे दोन कितीही भारी घ्या, उपयोग नाही. खालचं सगळं या तिघांची जुळणी कशी करायची याबद्दलच आहे.

आधी वायर नीट ओळखा

लग घ्यायला जायच्या आधी वायरचा साईज आणि प्रकार दोन्ही माहीत पाहिजेत. साईज म्हणजे स्क्वेअर एमएम, तांब्याचं क्षेत्रफळ. नवीन लोक इथे हमखास गडबडतात, व्हर्नियर लावून जाडी मोजतात आणि तोच आकडा साईज म्हणून सांगतात. २.५ स्क्वेअर एमएमची वायर म्हणजे २.५ एमएम जाडीची नव्हे, एकच भरीव तार असेल तर तिची जाडी साधारण १.७८ एमएम भरते. आणि इन्सुलेशनवरून तर अंदाज करूच नका, कुणाचं जाड असतं कुणाचं पातळ.

वायरवर छापलेलं पुसलं असेल तर टोक सोलून तारा मोजा, एका तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्या, आणि जाडीचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले तारांची संख्या असं करा. ०.२५ एमएमच्या ५० तारा असतील तर २.४५ येतं, म्हणजे २.५ ची वायर. ३० तारा असतील तर १.४७, म्हणजे दीड. एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन, मापाची वायर हातात आली तर १६ नंबर म्हणजे सुमारे १.३, १४ नंबर म्हणजे सुमारे २.१, १२ म्हणजे ३.३ आणि १० म्हणजे ५.३ स्क्वेअर एमएम, नंबर वाढला की वायर बारीक होते हे लक्षात असू द्या.

प्रकार म्हणजे तारांची रचना. आयईसी ६०२२८ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये क्लास १ म्हणजे भरीव एकच तार, क्लास २ म्हणजे थोड्या जाड तारांचा पीळ, क्लास ५ म्हणजे बारीक तारांची फ्लेक्झिबल आणि क्लास ६ त्याहून मऊ. हे का बघायचं, तर तेवढंच तांबं असलं तरी क्लास ५ ची वायर क्लास २ पेक्षा थोडी फुगीर असते, तारांमध्ये पोकळी जास्त, त्यामुळे एकाच साईजच्या लगमध्ये एक वायर सहज जाते आणि दुसरी तोंडाशी अडते. क्लास १ च्या भरीव तारेला हे नेहमीचे क्रिंप लग लावायचे नाहीत, पाकिटावर भरीव तारेसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. भरीव तार स्क्रूखाली सरळ जाते आणि तिथे ती छान बसते, तिला उगाच टोपी घालायची गरज नाही.

मग वायर कुठे बसणार ते बघा

लगचा प्रकार वायर ठरवत नाही, समोरचं टर्मिनल ठरवतं. बोल्ट किंवा स्टड (बाहेर आलेला आट्यांचा दांडा) आहे का, स्क्रूच्या डोक्याखाली दाबायचं आहे का, एमसीबीसारखा पिंजरा, म्हणजे स्क्रू आवळला की वायरला दाबून धरणारी चौकट, आहे का, स्प्रिंगचं पुश-इन आहे का, की रिले नाहीतर स्विचची चपटी पाती बाहेर आलेली आहे.

स्टड असेल तिथे रिंग लग. नट ढिला झाला तरी रिंग निसटून बाहेर येत नाही, त्यामुळे मोटरचा टर्मिनल बॉक्स, अर्थिंग, बसबार (करंट वाटणारी धातूची पट्टी), बॅटरी, जिथे जिथे थरथर आहे किंवा वायर सुटली तर धोका आहे तिथे रिंगच. अर्थिंगला फोर्क लावलेला दिसला तर मला तरी ते पटत नाही, चालत असलं तरी.

फोर्क, म्हणजे यू आकाराचा, तो स्क्रू पूर्ण न काढता आत सरकवता येतो, कंट्रोल पॅनलच्या टर्मिनल पट्टीवर जिथे वायरी वारंवार काढाव्या लागतात तिथे सोयीचा. टोकं थोडी वर वळवलेले फोर्क मिळतात, स्क्रू किंचित ढिला पडला तरी ते अडकून राहतात, पर्याय असेल तर तेच घ्या.

एमसीबी, कॉन्टॅक्टर, पिंजऱ्याचं किंवा स्प्रिंगचं टर्मिनल असेल तर एंड स्लीव्ह, म्हणजे तारांच्या टोकावर चढणारी ती पातळ टिन चढवलेली नळी, मागे प्लास्टिकची कॉलर असलेली. पिन लगही लोक लावतात पण त्याची भरीव गोल पिन चौकोनी पिंजऱ्यात एका रेषेवरच टेकते, एंड स्लीव्ह चपटी होऊन पसरते आणि जास्त जागा पकडते, म्हणून मी एंड स्लीव्हच्या बाजूने.

चपट्या पातीवर बसतो तो पुश-ऑन लग. पातीच्या रुंदीप्रमाणे २.८, ४.८ आणि ६.३ एमएम असे तीन साईज नेहमीचे, पाती मोजा आणि मगच घ्या, कारण ६.३ चा लग ४.८ च्या पातीवर बसतो खरा पण नुसता लटकतो. काढघाल जास्त झाली की त्याची पकड जाते, सैल झालेला पक्कडने चेपून परत बसवू नका, नवीन लावा.

स्टडचा साईज वेगळा बघायचा. लगला दोन मापं असतात, वायरचं आणि भोकाचं. पुष्कळ पाकिटांवर कोड असतो, उदाहरणार्थ आरव्ही २-४, त्यात आर म्हणजे रिंग, व्ही म्हणजे विनाईल इन्सुलेशन, २ म्हणजे दोनच्या आसपासची वायर आणि शेवटचा ४ म्हणजे एम ४ चा स्क्रू. मोठ्या तांब्याच्या लगवर १६-८ असं कोरलेलं असेल तर १६ स्क्वेअर एमएमची केबल आणि एम ८ चा बोल्ट. भोक मोठं असलेला लग वॉशर लावून भागवायची सवय लावून घेऊ नका, लगचा चपटा भाग बोल्टभोवती जेवढा जास्त टेकेल तेवढा चांगला, मोठ्या भोकाने नेमकी तीच जागा खाल्लेली असते. आणि भोक लहान पडलं म्हणून ड्रिल मारून मोठं करणं तर त्याहून वाईट, कडेला धातूच उरत नाही.

रंगांचं प्रकरण

प्लास्टिकचा गळा असलेल्या लगचे तीन रंग सगळीकडे चालतात, लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ स्क्वेअर एमएम. दीडची वायर लाल आणि निळा दोन्हींच्या हद्दीत येते. अशा वेळी आधी लाल घालून बघा, सगळ्या तारा न अडखळता आत गेल्या तर लालच, नाहीतर निळा. उगाच मोठ्याकडे जाऊ नका, नळी जेवढी भरलेली तेवढा क्रिंप चांगला.

एंड स्लीव्हचे रंग मात्र वेगळे आहेत आणि त्यात एकवाक्यताही नाही. डीआयएन ४६२२८ या जर्मन स्टँडर्डप्रमाणे ०.५ पांढरी, ०.७५ राखाडी, १ लाल, १.५ काळी, २.५ निळी, ४ परत राखाडी, ६ पिवळी, १० परत लाल. पण बाजारात दुसऱ्या रंगपद्धतीच्या स्लीव्हही मिळतात, त्यात तोच रंग भलत्याच साईजला असतो. म्हणजे लगचा निळा आणि स्लीव्हचा निळा २.५ ला जुळतात म्हणून बाकीचेही जुळतील असं धरून चाललात तर फसाल. डबीवरचा आकडा वाचा, रंग फक्त डबीतून पटकन उचलायला.

टूल

पक्कडने दाबलेला लग, छिन्नी-हातोड्याने खाच पाडलेला लग, हे सगळं दिसायला घट्ट असतं आणि वायर हलवली की दोन दिवसांनी हातात येतं. कमीत कमी रॅचेटवालं क्रिंपिंग टूल घ्या. रॅचेटचा फायदा एकच पण मोठा, एकदा दाबायला सुरुवात केली की पूर्ण दाब बसल्याशिवाय जबडा उघडतच नाही, त्यामुळे सकाळचा पहिला क्रिंप आणि हात दुखायला लागल्यावरचा शेवटचा क्रिंप सारखाच येतो. मधेच काही चुकलं तर सोडवायला छोटी कळ असते, ती कुठे आहे ते आधीच बघून ठेवा म्हणजे अडकलं की टूलशी झटापट नको.

डाय लगप्रमाणे बदलते. प्लास्टिक गळ्याच्या लगला अंडाकृती खोबणीची डाय, तिच्यावर लाल, निळा, पिवळा ठिपका असतो. बिनइन्सुलेशनच्या लगला खाच पाडणारी डाय. पुश-ऑनच्या उघड्या पंखांच्या लगला ते पंख आत वळवणारी डाय, ती वेगळीच दिसते, इंग्रजी बी अक्षर आडवं पाडल्यासारखी. एंड स्लीव्हला चौकोनी, षटकोनी किंवा समलंब आकाराची. एका टूलमध्ये सगळं होतं असं सांगणारे टूल मिळतात, त्यात सगळंच थोडं थोडं होतं. सुरुवातीला दोन घ्या, एक रंगीत लगचं आणि एक एंड स्लीव्हचं, बाकी काम येईल तसं.

अजून एक बारीक गोष्ट, जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. रंगीत लगच्या डायमध्ये जबड्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक बाजू जास्त खोल दाबते, ती तांब्यावरची, दुसरी किंचित मोकळी, ती वायरच्या इन्सुलेशनवरची. टूल उलटं धरलं की इन्सुलेशन चिरडलं जातं आणि तांबं सैल राहतं, आणि वरून प्लास्टिक असल्यामुळे काही दिसत नाही. डाय डोळ्यासमोर धरून बाजूने बघा, अरुंद खोबण कुठली ते कळतं, ती बाजू लगच्या भोकाकडे ठेवायची.

एक निळा रिंग लग, सुरुवातीपासून

२.५ ची क्लास ५ वायर, एम ४ चा स्क्रू, असं धरू.

पहिलं, सप्लाय बंद, परत कुणी चालू करणार नाही अशी कुलूप किंवा पाटीची सोय, आणि टेस्टरने खात्री. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून चालतोय ना बघायचं, मग आपल्या वायरवर, मग परत चालू पॉइंटवर. टूलच्या मुठीला रबर आहे म्हणजे चालू लाईनवर काम करता येतं असा अर्थ अजिबात नाही. फिक्स वायरिंगवर काम करायला लायसन्स लागत असेल तर शिकाऊ माणसाने लायसन्सवाल्याच्या हाताखालीच करावं. आणि शिकायचं असेल तर पॅनलमध्ये नकोच, टेबलावर, वायरच्या तुकड्यांवर.

वायर सरळ कापा, तिरकी नको, त्यासाठी केबल कटर, बोथट पक्कडने टोक चपटं होतं. आता लगेच सोलायला जाऊ नका, आधी वायर नंबरचा मार्कर आणि हीट श्रिंक (तापवली की आकसणारी नळी) लावायची असेल तर ती वायरवर चढवा, कारण लग दाबून झाल्यावर त्या आत जात नाहीत आणि मग तोच लग कापावा लागतो, हे प्रत्येक पॅनलवर कुणाकडून तरी होतंच.

सोलायचं किती, तर लगच्या धातूच्या नळीची लांबी अधिक साधारण एक एमएम. लग वायरशेजारी धरून अंगठ्याच्या नखाने खूण करा, पहिल्या दोन-चार वेळा मोजपट्टी लावा, मग डोळा बसतो. स्ट्रिपर वापरा, त्यातलं बरोबर साईजचं भोक. ब्लेडने गोल फिरवून सोललं की दोन-तीन तारांना चीर पडते आणि त्या पुढे तुटतात, सोलल्यावर तारा निरखून बघा, एक जरी कापली गेली असली तर टोक कापून परत सोला. तारा कमी करून वायर लहान लगमध्ये कोंबणं हा प्रकार तर कधीच नाही, कारण मग ती वायर २.५ ची राहिलीच नाही पण एमसीबीला ते माहीत नसतं.

तारा आहेत त्या पिळातच ठेवा. खूप पीळ देऊन दोरीसारखं केलं की त्या नळीत नीट पसरत नाहीत. विस्कटल्या असतील तर मूळच्या दिशेने हलका हात फिरवा, बस.

लग घाला. सगळ्या तारा आत, एकही बाहेर राहून गळ्यामागे वाकलेली नको, आणि इन्सुलेशन धातूच्या नळीत शिरलेलं नको, ते प्लास्टिकच्या गळ्यात टेकून थांबतं. पुढच्या बाजूने तारांची टोकं अर्धा ते एक एमएम डोकावलेली दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर वायर आत पोचली नाही, जास्त बाहेर आली तर स्क्रूच्या डोक्याखाली येऊन लगला सपाट बसू देत नाही.

आता टूलची निळी खोबण, अरुंद बाजू भोकाकडे, लग खोबणीत मधोमध. आधी एक-दोन टिकटिक होईपर्यंत हलकं दाबा, म्हणजे लग पकडला जातो पण चेपत नाही. मग वायर परत एकदा पूर्ण आत ढकला, या वेळी ती नकळत थोडी मागे आलेली असते, आणि मग एका दमात शेवटपर्यंत दाबा, जबडा आपोआप उघडेपर्यंत. गळ्यावर दोन ठसे दिसतील, एक तांब्यावरचा खोल, एक इन्सुलेशनवरचा उथळ. प्लास्टिक फाटलेलं नको.

बिनइन्सुलेशनचा लग असेल तर नळीवर एक सांधा दिसतो, खाच पाडणारी डाय असेल तर खाच सांध्यावर न येता त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला यायला हवी, नाहीतर सांधा उघडतो.

एंड स्लीव्ह

इथे स्लीव्हची लांबी महत्त्वाची, आणि तिच्याकडे लोक बघत नाहीत. ८, १०, १२, १८ एमएम अशा नळ्या मिळतात. टर्मिनलच्या अंगावर किंवा कॅटलॉगमध्ये किती सोलायचं ते लिहिलेलं असतं, तेवढीच नळी हवी. टर्मिनलला १२ हवी आणि तुम्ही ८ ची घातली तर स्क्रू नळीच्या अगदी टोकावर दाबतो किंवा चक्क चुकतो, बाहेरून मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. कॉलरवाल्या ८ एमएम स्लीव्हला वायर साधारण १० एमएम सोलावी लागते, कारण तारा कॉलरच्या आतूनही जातात. दाबल्यावर तारांची टोकं नळीच्या काठाशी सपाट, किंचित बाहेर आली तरी चालेल.

आकार कुठला, तर पिंजऱ्याच्या टर्मिनलला चौकोनी किंवा समलंब, गोल भोकाच्या टर्मिनलला षटकोनी बरा पडतो. दोन वायरी एका टर्मिनलमध्ये घ्यायच्याच असतील, आणि टर्मिनल बनवणाऱ्याने त्याला परवानगी दिलेली असेल, तर दोन वायरींची जोड स्लीव्ह मिळते ती वापरा, एका स्लीव्हमध्ये दोन वायरी कोंबू नका.

स्लीव्ह नसली की काही जण फ्लेक्झिबल वायरचं टोक सोल्डरमध्ये बुडवून स्क्रूखाली लावतात. करू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत राहतं आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप ढिला झालेला असतो, शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन थरथरीने तुटते. मशीनच्या वायरिंगचं आयईसी ६०२०४-१ हे स्टँडर्ड तर तारा एकत्र बांधायला सोल्डर वापरू नका असं सरळ सांगतं.

मोठ्या केबल

१० च्या पुढे हाताचं टूल दमवतं, लांब दांड्याचं टूल किंवा हायड्रॉलिक घ्यावं लागतं. इथे लग तांब्याच्या नळीचा, वर टिनचा थर, षटकोनी डाय. डीआयएन ४६२३५ च्या लगला डायचे कोड नंबर ठरलेले आहेत, ५० स्क्वेअर एमएमला १४, ९५ ला १८, आणि डाय दाबली की तोच नंबर लगवर उमटतो, म्हणजे नंतर तपासणारा नुसता लग बघून सांगू शकतो की बरोबर डाय वापरली का. पण सगळे तांब्याचे लग या स्टँडर्डचे नसतात, पातळ भिंतीचे स्वस्त लग भरपूर असतात आणि त्यांना त्यांच्याच कंपनीने सांगितलेली डाय लागते. पातळ लग आणि जाड लगची डाय अशी जोडी जमवली तर डाय पूर्ण मिटते पण आत तारा सैलच राहतात. हे मोठ्या केबलीत सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं आहे असं मला वाटतं, कारण डाय मिटली की माणूस समाधानी होतो.

लगच्या मानेवर बारीक भोक असेल तर केबल घातल्यावर त्यातून तांबं दिसलं पाहिजे. एकापेक्षा जास्त दाब द्यायचे असतील तर डोळ्याच्या, म्हणजे बोल्टच्या भोकाच्या, बाजूकडून सुरू करून केबलकडे या, लगवर पट्ट्यांच्या खुणा असतात त्याप्रमाणे. कडेने पंखासारखी धातूची धार बाहेर आली तर डाय लहान पडली आहे, ती धार कानस मारून लपवण्यात अर्थ नाही.

ॲल्युमिनियमची केबल असेल तर जास्त जपून. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साईडचा थर येतो आणि तो करंट जाऊ देत नाही, म्हणून टोक वायर ब्रशने घासून लगेच जोडाची पेस्ट लावायची आणि ॲल्युमिनियमचाच लग, त्यात बहुतेक वेळा पेस्ट आधीच भरलेली असते, ती पुसून टाकू नका. तांब्याच्या बसबारवर जायचं असेल तर बायमेटल लग, ज्याची नळी ॲल्युमिनियमची आणि डोळा तांब्याचा. ॲल्युमिनियमच्या केबलवर तांब्याचा लग दाबला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजत जातं, आणि तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं, असं करत करत जोड ढिला होतो.

गरम जागी, हीटरच्या आत वगैरे, प्लास्टिक गळ्याचे लग नकोत आणि टिनचा थर असलेलेही नकोत, टिन २३२ अंशाला वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून खराब व्हायला लागतं. तिथे निकेलचा थर असलेले लग आणि ग्लास फायबरची स्लीव्ह.

दाबलेलं बरोबर आहे हे कसं कळणार

प्रत्येक क्रिंप हाताने ओढून बघा, झटका देऊन नव्हे, सरळ आणि ठाम ओढ. यात सगळ्यात वाईट तेवढे सापडतात. नवीन टूल, नवीन लगचं पाकीट किंवा नवीन वायर आली की मात्र आधी दोन-तीन नमुने करून स्प्रिंग काट्यावर ताणून बघा, रिंग हुकात अडकवायची आणि हळूहळू ओढायचं. आयईसी ६०३५२-२ मधले आकडे धरले तर १.५ च्या वायरने १५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोचा ताण, सोसला पाहिजे, २.५ ने २३० न्यूटन, ४ ने ३१०, ६ ने ३६०. एंड स्लीव्हला हे आकडे लागू नाहीत, तिला शेवटी टर्मिनलच पकडून ठेवतं.

ओढताना किती किलोला सुटलं याच्याइतकंच कसं सुटलं तेही बघा. अख्खी वायर गुळगुळीत सरकून बाहेर आली तर दाब कमी आहे, लग मोठा आहे नाहीतर डाय. लगच्या तोंडाशी तारा एकेक करून लवकरच तुटल्या तर दाब जास्त आहे. वायर भरपूर ताणानंतर लगपासून लांब तुटली तर त्या जुळणीला हात लावू नका, तशीच चालू द्या.

अजून खात्री हवी असेल तर एक नमुना करवतीने आडवा कापा, बारीक पॉलिश पेपरवर घासा आणि भिंगाखाली धरा. चांगल्या क्रिंपमध्ये गोल तारा गोल राहिलेल्या नसतात, एकमेकींना दाबून षटकोनी झालेल्या असतात, मधाच्या पोळ्यासारख्या, आणि मधे काळी पोकळी दिसत नाही. एकदा असा काप बघितला की सैल क्रिंप म्हणजे काय हे परत सांगावं लागत नाही.

बसवताना

लगचा चपटा भाग सरळ बसबारवर किंवा टर्मिनलच्या धातूवर टेकला पाहिजे, मधे वॉशर नको, रंग नको, वॉशर वरून नटच्या बाजूला. दोन रिंग एकाच स्टडवर येत असतील तर पाठीला पाठ लावा, म्हणजे गळे एकमेकांवर चढत नाहीत. स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, जो आकडा टर्मिनलवर किंवा कॅटलॉगमध्ये दिला असेल तेवढाच, आणि घट्ट झाल्यावर नट आणि लगवरून मार्करची एक रेघ ओढा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे टूल न लावता कळतं. वायरला लगपाशी लगेच वाकवू नका, थोडी सरळ जाऊ द्या आणि मग वळवा, तिचं वजन लगवर न पडता क्लिपवर पडेल असं बांधा.

सप्लाय दिल्यावर, लोड पूर्ण आल्यावर अर्ध्या-एक तासाने थर्मल कॅमेरा मिळाला तर फिरवा. एकाच लोडच्या तीन फेजांची टोकं शेजारी शेजारी दिसतात, दोन सारखी आणि एक उजळ असेल तर ते टोक संशयास्पद, मग सप्लाय बंद करून तपासा. पण नुसतं घट्ट करून थांबू नका, काळवंडलेला किंवा कडक झालेला लग आवळून सुधारत नाही. तो परत दाबायचाही नाही, एकदा दाबलेल्या लगवर दुसरी डाय मारली तर आतल्या तारा तुटतात. वायर मागे चांगलं चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायची आणि नवीन लग लावायचा, आणि यासाठीच वायरिंग करताना प्रत्येक टोकाला एक-दोन लग परत लावता येतील एवढी लांबी डक्टमध्ये शिल्लक ठेवायची, अगदी तोकडी वायर तोडून ठेवली तर पुढच्या माणसाला मधे जोड मारण्यावाचून पर्याय राहत नाही.